छत्तीस अँपियर

"मॅडम, बारा व्होल्टची पट्टी घ्या आणि सुटा," ट्रान्सफॉर्मर मला तिसऱ्यांदा म्हणाला.

बाजारात त्याला सगळे ट्रान्सफॉर्मरच म्हणतात. अंगाने चौकोनी आहे आणि काउंटरमागे बसून दिवसभर गुणगुणत असतो. दिव्यांच्या पट्ट्या, वायरी, पॉवर सप्लाय, जे म्हणाल ते त्याच्याकडे मिळतं, वर सल्ला फुकट. आता मी एकतीस वर्षं पॉवर सप्लायच्या कारखान्यात टेस्टिंगला काढलेली बाई. प्रत्येक सप्लाय आधी माझ्या टेबलावर यायचा, चोवीस तास भाराखाली तापायचा, आणि मी सही केली तरच खोक्यात जायचा. मला शहाणपण शिकवणारा हा कोण? पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच माझ्या डोक्यात जात होतं.

"पट्टी आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "पाच व्होल्टची, वीस मीटर, सहाशे दिवे. तुम्ही सप्लाय दाखवा."

"वीस मीटर? अहो, या टोकाने पाच व्होल्ट सोडाल तर त्या टोकाला पोचेपर्यंत त्यातला जीव गेलेला असेल. इथे पांढरा, तिथे पिवळा."

"मला माहीत आहे ते. म्हणूनच दोन सप्लाय मागतेय. एक या टोकाला, एक त्या टोकाला."

"आणि त्या टोकाच्या सप्लायचा प्लग कुठे लावणार?"

मी फळीवरच्या सप्लायकडे नजर वळवली. कारण ते टोक माझं नाही, धाकट्या बहिणीचं आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

आमचं घर म्हणजे एक छप्पर आणि दोन दारं. आईवडील गेल्यावर मधे भिंत घातली, तीही भांडून नाही, सोय म्हणून. डावीकडचं घर माझं, उजवीकडचं धाकटीचं. मी लग्न केलं नाही, तिने केलं आणि दोन वर्षांत परत आली. वर्षअखेरच्या मोठ्या सुट्टीत आमच्या रस्त्यावर सगळे घरांना दिवे लावतात, संध्याकाळी सात ते नऊ, आणि लोक फिरत फिरत बघायला येतात. सहा वर्षं आम्ही दोघी मिळून छपराच्या पुढच्या कडेला पट्टी लावत आलो. वीज माझी, चित्र तिचं. ती दुकानांच्या दर्शनी काचा सजवते. रंगांचं तिला असं काही कळतं की मी आपली बघत राहायचे. कुठला दिवा कधी लागेल, कुठला रंग कुठून कुठे सरकत जाईल, ते सगळं ती महिनाभर बसून रचायची.

हे सगळं आठ महिन्यांपूर्वीपर्यंतचं. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

"मग तुमच्याच घरातून मेन्सची वायर कडेकडेने पलीकडे न्या," ट्रान्सफॉर्मर म्हणाला. "दहा मीटरची तर गोष्ट."

"उघड्यावर मेन्स नको. दोनशे तीस व्होल्ट असतात ते."

"पाइपातून न्या."

"पाइप वाईट दिसतो."

त्याचं गुणगुणणं थांबलं. चष्मा कपाळावर सरकवून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुम्हाला सप्लाय हवाय, की तिच्या दारात जायला निमित्त हवंय?"

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी आख्खा हंडा पदराआड धरून उभी होते आणि या माणसाने तो दिवसाढवळ्या बघितला होता.

"पाच व्होल्ट, चाळीस अँपियर, दोन नग," मी म्हटलं. "त्यातला एक बिनपंख्याचा."

"बाहेर छपराखाली लावायचाय ना? पंख्याचा आवाज तिथे कोणाला ऐकू येतो?"

"तिला येतो. तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी आहे तिथे. बारीक घरघर चालू राहिली की तिचं डोकं दुखतं."

बिनपंख्याचा सप्लाय जास्त जाड, जास्त जड आणि दीडपट किमतीचा. पंखा नाही म्हणून सगळी उष्णता धातूच्या पाठीतून बाहेर टाकावी लागते. त्याने तो फळीवरून काढला, पुसला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "एक सांगू? तोंडाने माफी मागा. स्वस्त पडेल."

"पिशवी द्या," मी म्हटलं.

*

आता माफी कशाची, ते सांगते. सांगायला मला आवडत नाही, पण मीच नाही सांगितलं तर लोक आपल्या मनाने काहीतरी जुळवतात.

प्रत्येक दिव्याच्या पोटात तीन दिवे असतात, लाल, हिरवा आणि निळा. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा होतो, आणि तेव्हा तो सगळ्यात जास्त वीज खातो. सहाशेच्या सहाशे दिवे एकाच वेळी पूर्ण पांढरे केले तर छत्तीस अँपियर लागतात. पण असं कोणी करत नाही. नक्षी म्हटली की निम्मे दिवे विझलेले असतात, उरलेले कुठे लाल, कुठे निळे. म्हणून मी सहाही वर्षं वीस अँपियरच्या एका सप्लायवर काम भागवलं. तो माझ्या बाजूला, आणि तिथून जाड वायरी पलीकडे.

आणि त्या सप्लायवर ताण येऊ नये म्हणून मी आणखी एक गोष्ट केली होती. दिव्यांना हुकूम सोडणारी एक छोटी डबी असते, कंट्रोलर म्हणतात तिला. तिच्यात फोनवरून एक मर्यादा घालता येते. मी घातली होती, सोळा. मागणी सोळा अँपियरच्या वर गेली की कंट्रोलर गुपचूप सगळ्या दिव्यांचा उजेड कमी करतो. काही बंद पडत नाही, काही जळत नाही. बघणाऱ्याला कळतही नाही की कोणीतरी मधे हात घातलाय.

धाकटीला मी हे सांगितलं नव्हतं. तिच्या नक्ष्या कधी सोळाच्या जवळपासही गेल्या नव्हत्या. सांगून करायचंय काय, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी तिने अकरा मिनिटांचा खेळ रचला. शेवटी काय आहे ते मला दाखवलं नाही. "तूही सगळ्यांबरोबर बघ," म्हणाली. शेवटच्या दिवशी तिने एका बाईंना बोलावलं होतं. शहराच्या पलीकडच्या टोकाला मोठं नवं दुकान निघणार होतं, त्याच्या सगळ्या काचांचं काम कोणाला द्यायचं ते या बाई ठरवणार होत्या. धाकटीने नवी साडी नेसली होती आणि पदर पुन्हापुन्हा नीट करत होती.

अकरा मिनिटांच्या शेवटी सगळे दिवे विझले. काळोख. मग एका टोकापासून एकेक दिवा पांढरा होत गेला, एक, दहा, शंभर, आणि सगळ्यांनी मिळून एकदम उजळायचं होतं. चार सेकंद. तिने सगळा खेळ त्या चार सेकंदांसाठी रचला होता.

दिवे वाढत गेले तसतसे मंद होत गेले. सगळे लागले तेव्हा जे दिसलं ते धुतलेल्या जुन्या बनियनच्या रंगाचं काहीतरी. पलीकडच्या टोकाला तर पिवळट. समोरचे ड्रायव्हरकाका, म्हणजे बस चालवून निवृत्त झालेले आणि आता रस्त्यातल्या प्रत्येक घराच्या दिव्यांना पास-नापास करणारे, ते मोठ्याने म्हणाले, "शेवटी दम संपला वाटतं." त्या बाई "छान आहे" म्हणाल्या आणि घड्याळ बघत निघून गेल्या. काम दुसऱ्या कोणाला तरी मिळालं.

मी त्याच क्षणी ओळखलं होतं काय झालं ते. तोंड उघडलं नाही. पुढचे चार महिने धाकटी आपली चूक शोधत बसली. रात्रंदिवस तिचा तोच विषय, कुठे चुकलं, कुठला रंग चुकला. मी तिच्यासमोर चहा पीत बसायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे गं, होतं कधीकधी."

मग एके दिवशी तिने कंट्रोलर उघडून पाहिला. फोन हातात धरून ती माझ्या दारात आली.

"ताई, हे सोळा तू घातलंस?"

"हो. काळजी म्हणून."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू वाढवून ठेवलं असतंस."

हे मी बोलले. माझ्या या तोंडाने बोलले. ती माझ्याकडे फक्त बघत राहिली, आणि मला तिचं बाविसाव्या वर्षीचं तोंड आठवलं. तेव्हा तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि मी कागदावर खोलीचं भाडं, प्रवास, जेवण सगळे आकडे मांडून तिला दाखवलं होतं की हे तुला झेपणार नाही. तिला पटलं. तिला माझं सगळंच पटायचं. ती तेव्हाही अशीच बघत राहिली होती.

तेव्हापासून अबोला. मीही गेले नाही, तीही आली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आम्ही दोघी एकाच दोरीच्या. फक्त आमच्यामधली भिंत पातळ आहे. तिकडे नळ सोडला की इकडे कळतं. ती शिंकते तेव्हा तीनदा शिंकते, एक नाही, दोन नाही. आधी मी इकडून ओरडायचे, "पाणी पी." ती तिकडून म्हणायची, "पिते." आता मी तिन्ही शिंका मोजते आणि गप्प बसते. घरात बोलायला दुसरं कोणी नाही. दिवसच्या दिवस असे जातात की संध्याकाळी दूधवाल्याला "एक लिटर" म्हणताना स्वतःचाच आवाज दचकवतो.

म्हणून दोन सप्लाय. मला नवी नक्षी रचता येत नाही, रंगात मी ढ आहे. पण तिचा गेल्या वर्षीचा खेळ कंट्रोलरमध्ये जसाच्या तसा होता. तो तिने रचला तसा, पूर्ण उजेडात, एकदा तरी दिसावा आणि तिने तो बघावा, एवढंच मला करता येण्यासारखं होतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल, अशी मला आशा होती. आशा कसली, मी ते धरूनच चालले होते.

*

दोन्ही सप्लाय घरी आणून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले आणि कारखान्यातून निवृत्त होताना मागून आणलेली, सप्लायवर खोटा भार टाकणारी पेटी जोडली. अठरा अँपियर, चोवीस तास. दर दोन तासांनी व्होल्ट बघायचे, पाठीवर हात ठेवून बघायचा. पंख्याचा सप्लाय कुरकुरत राहिला. बिनपंख्याचा शांत होता आणि त्याची पाठ आजारी पोराच्या कपाळासारखी गरम लागत होती. दोघेही पास झाले. सही करायला कागद नव्हता, पण मी वहीत तारीख टाकून सही केली. सवय.

मग दोन दिवस शिडीवर. साठी उलटलेल्या बाईने शिडीवर चढू नये असं ड्रायव्हरकाका खालून म्हणाले, पण शिडी धरायला काही आले नाहीत. पट्टी मधोमध कापली. डावे तीनशे दिवे माझ्या सप्लायवर, उजवे तीनशे तिच्या. दोन सप्लायच्या अधिक बाजू एकमेकींना जोडायच्या नसतात, नाहीतर ते आपसात भांडतात. उणे बाजू मात्र एक करावी लागते. ती एक वायर आणि कंट्रोलरच्या हुकमाची एक, अशा दोनच मधून नेल्या. शेवटी कंट्रोलर उघडला आणि ते सोळा खोडलं. बोट थांबलं माझं, खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षं मर्यादा घालण्याचाच पगार खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बिनपंख्याचा सप्लाय दोन्ही हातांत धरून मी तिच्या दारात उभी राहिले. बेल वाजवली. माझ्याच वडिलांच्या घराची बेल.

दार अर्धंच उघडलं. धाकटी अंगाने दार अडवूनच उभी राहिली. केस मोकळे, ओढणी कमरेला बांधलेली, गालाला धूळ.

"काय गं?" ती म्हणाली. आठ महिन्यांतला पहिला शब्द.

"सप्लाय आणलाय. तुझ्या बाजूचा."

"माझ्या बाजूचा?"

"या वेळी दोन आहेत. तुझ्या खिडकीजवळचा प्लग लागेल."

तिने डबा निरखला. वाकून त्याची मागची बाजू बघितली. "पंखा नाही याला."

"नाही. आवाज करणार नाही."

तिने डब्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि आकडा कितीचा घातलायस?"

"घातला नाही. काढून टाकला. छत्तीसच्या छत्तीस जाऊ देत."

"गेल्या वर्षीचंच लावणार?"

"मला दुसरं कुठे काय येतं?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. हीच ती वेळ होती. "चुकलं माझं" एवढे दोनच शब्द, दातांपर्यंत आलेले. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "फ्यूज पंचवीसचा टाकलाय, दहाचा पुरला नसता." माझ्यासारख्या बाईला जीभ कशाला दिली असेल, कुणास ठाऊक.

"वायर खिडकीतून आत दे," ती म्हणाली. "प्लग मी लावीन." आणि दार लावून घेतलं.

*

सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी सात वाजता मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. घराघरांवर दिवे लागत होते, पोरंटोरं आईबापांचे हात ओढत फिरत होती. ड्रायव्हरकाका हात पाठीमागे बांधून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, तपासनीसच जणू. माझं लक्ष फक्त उजव्या बाजूकडे. प्लग लावला असेल तर उजवी बाजू लागेल. नसेल लावला तर काळोख, आणि मग सगळं संपलं.

डावीकडे निळा उगवला. सरकत सरकत मध्यावर आला. आणि न थांबता पलीकडे गेला.

माझा जीव भांड्यात पडला. मी रडले थोडी, काकांना सर्दी झाल्याचं सांगितलं.

अकरा मिनिटं. मी तो खेळ गेल्या वर्षी नीट पाहिलाच नव्हता, सगळा वेळ सप्लाय तापतोय का तेच मनात होतं. या वेळी पाहिला. किती सुंदर रचलं होतं तिने. हिरव्यातून पिवळा असा यायचा की केव्हा आला ते कळायचंच नाही. आणि मग सगळे दिवे विझले, काळोख झाला, आणि पहिला पांढरा लागला. दहा. शंभर. आता कोणी मंद होत नव्हतं. तीनशे. पाचशे. सहाशेच्या सहाशे पांढरे झाले तेव्हा रस्त्यावर दिवस उजाडला. माणसांच्या सावल्या पडल्या. काकांच्या तोंडून फक्त "आई गं" एवढंच निघालं.

आणि त्या उजेडात मला धाकटीच्या घराच्या आतलं दिसलं. पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. भिंतीवरची चित्रं नव्हती. कपाट नव्हतं. भिंतीला लावून खोक्यांची चळत होती, प्रत्येकाला पट्टी मारलेली, प्रत्येकावर काहीतरी लिहिलेलं. चार सेकंद. मग पुन्हा काळोख.

मी रस्ता ओलांडला. धाकटी तिच्या पायरीवर येऊन बसली होती, तिथून वर बघत.

"असंच दिसायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

"छान केलंस, ताई. पलीकडचं टोकही पांढरं होतं."

मी तिच्या शेजारी बसले. "खोकी दिसली मला."

तिने मागे खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात निघतेय. काम मिळालंय. दूर आहे, पाच मजल्यांचं दुकान आहे. सगळ्या काचा माझ्या."

माझ्या तोंडात प्रश्न आलेच. भाडं किती, पगार किती, बावन्नाव्या वर्षी नव्या गावात कोण आहे तुझं. रांगेने उभे राहिले. मी एकालाही बाहेर सोडलं नाही. त्याऐवजी जे आधी म्हणायला हवं होतं ते म्हणाले. "चुकलं माझं. गेल्या वर्षीही चुकलं आणि तू बावीसची होतीस तेव्हाही. मला माफ कर."

"अगं, केलं होतं केव्हाच," ती म्हणाली. "राग दोन महिन्यांतच गेला माझा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर गेले नसते." तिने माझा हात हातात घेतला. वायरी सोल्डर करताना पोळलेलं माझं बोट तिच्या अंगठ्याखाली आलं, तिने अंगठा बाजूला घेतला. "तू समोर बसून चहा पिताना दोन आकडे बोलली असतीस आणि मला ते पटले असते. मला तुझं सगळं पटतं गं. म्हणून भिंतीपलीकडे गप्प बसून सगळं ठरवलं. रोज वाटायचं, जाऊन सांगावं. रोज नाही सांगितलं."

मी आठ महिने तिच्या शिंका मोजत होते, आणि ती पलीकडे आपलं धैर्य सांभाळत बसली होती. मला तिचं पटलं. ते पटणंच फार दुखलं.

*

आठ दिवस आम्ही बोलून घेतलं. जेवलो एकत्र, भांडलोही एकदा, खोक्यावर काय लिहायचं यावरून. मग टेम्पो आला. मी तिला पाण्याची बाटली दिली आणि "पोचलीस की कळव" म्हटलं. ती म्हणाली, "कळवीन." घराची किल्ली माझ्याकडे ठेवली. घर सध्या बंद राहील, पुढचं पुढे बघू, म्हणाली. "मीटर बंद करायचा अर्ज दिलाय. कधी येतील देव जाणे. तोवर प्लग असू दे."

पोचल्यावर तिने कळवलं. खोली लहान आहे पण खिडकी मोठी आहे, असं म्हणाली. आवाज इतका आनंदी होता की मी दोन वाक्यांत फोन ठेवला. जास्त बोलले असते तर माझा आवाज फुटला असता, आणि तिला परत वळून बघावं लागलं असतं.

सुट्टी अजून बाकी होती. रोज सातला दोन्ही बाजू लागायच्या. रिकाम्या घरातून येणाऱ्या विजेवर तीनशे दिवे बिनतक्रार जळायचे, आणि मी रस्त्यापलीकडे उभी राहून अकरा मिनिटं बघायचे. खिडकीकडे बघायचं टाळायचे. घरात गेलं की पलीकडून नळाचा आवाज नाही, शिंका नाहीत, कपाटाचं दार नाही. अबोल्यातसुद्धा केवढी सोबत होती, ते तेव्हा कळलं.

मग एका दुपारी वीज कंपनीचा वायरमन आला. भला माणूस. "इथे कोणी राहत नाही ना आता?" त्याने विचारलं. मी किल्ली दाखवली. त्याने तिचा मीटर सोडवला, वायरीच्या टोकांना टेप गुंडाळला, माझी सही घेतली आणि गेला. माझ्या बाजूने मेन्सची वायर तिकडे ओढायला मला पाऊण तास पुरला असता. पाइप होता, पक्कड होती, शिडी अजून भिंतीलाच होती. मी शिडीकडे बराच वेळ बघितलं. मग ती उचलून मागे नेऊन ठेवली.

सातला डावीकडे निळा उगवला, सरकत सरकत मध्यावर आला आणि तिथेच संपला. पुढे अर्धं छप्पर काळं. लोक क्षणभर थांबत होते आणि पुढच्या घराकडे जात होते.

ड्रायव्हरकाका आले. हात पाठीमागे, मान वर. बराच वेळ पाहून म्हणाले, "उजव्या बाजूचा सप्लाय उडाला वाटतं. तरी मला वाटलंच होतं, एवढा उजेड झेपायचा नाही त्याला."

"सप्लाय चांगला आहे, काका," मी म्हटलं. "त्या घरात आता कोणी राहत नाही."